घागर भरू का झोका बांधू

अभिमन झिपरू सुरवाडे यांची जन्मतारीख १ जून १९४० ही मास्तरांनी दिलेली होती. रावेरच्या शाळेत ज्या पोराच्या आईबापाला तारीख सांगता येत नसे त्याच्या नावापुढे मास्तर १ जून लिहीत, आणि अभिमनच्या वर्गात अशी नऊ पोरं होती. वडील झिपरू बागेतून रस्त्यापर्यंत केळीचे घड खांद्यावर वाहायचे. पोरगा झाला त्या दिवशी आपण कामावर होतो, एवढंच त्यांना आठवत होतं.

झिपरूंचा धाकटा भाऊ आधार १९५२ साली काम शोधायला भुसावळला गेला आणि परत आला नाही. दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं की रेल्वेच्या यार्डात तसा एक माणूस डब्यांखाली सापडला होता. कागदावर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस’ एवढंच लिहून त्याला जाळलं होतं. तो आधारच होता की दुसरा कुणी, हे कुणालाच सांगता येईना.

खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दोन कामं असतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यांच्यासाठी निंबाला झोके बांधायचे. आणि घरातल्या मेलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं आणि उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेकाचं नाव घ्यायचं. आधारसाठी बोट ओढायचं का नाही, हे अभिमनची आजी बेबाबाई हिला कधी ठरवता आलं नाही. बोट कुंकवात बुडवून ती तशीच बसून राहायची. १९५६ साली घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घागर बंद झाली, पण त्या दिवशी आजीचं उंबरठ्याशी बसणं बंद झालं नाही. शेवटी ठरवायचं राहूनच ती गेली.

१९६६ साली अभिमन फौजदार झाले. उंच, सावळे, बोलणं मोजकं. बदली जिथं होई तिथं त्यांची एक सवय त्यांच्या आधी पोचायची. बेवारस प्रेत सापडलं की पंचनाम्याआधी ते सगळ्यांना दहा पावलं मागं सरायला सांगत, स्वतः प्रेताजवळ उकिडवे बसत आणि हळू आवाजात विचारत, “नाव काय तुझं?” मग गप्प राहत. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. असं विचारलं की डोळे नीट बघायला लागतात, असं ते म्हणत. सदऱ्याच्या कॉलरवरची शिंप्याची खूण, टाचेची भेग, कनवटीला उरलेलं एसटीचं तिकीट. त्यांच्याबरोबर बरीच वर्षं असलेला हवालदार जीवराम एकदा म्हणाला होता, “साहेब, तुम्ही विचारता ते ठीक आहे. पण एखाद्यानं उत्तर दिलं ना, तर मी त्याच दिवशी बदलीचा अर्ज देणार.”

उत्तर कुणी दिलं नाही. पण सुरवाडे ज्या ठाण्याचे प्रमुख असत तिथल्या अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात वर्ष संपताना ‘अनोळखी’ असा एकही शेरा उरत नसे. वरिष्ठ बैठकीत त्यांचा दाखला देत. हळूहळू ते रजिस्टर त्यांनाही आवडू लागलं. डिसेंबर आला की ते स्वतः पानं चाळून बघत.

१९८४ सालच्या मे महिन्यात ते पिंपळनेरला सहायक पोलीस निरीक्षक होते. आखाजी होऊन बारा दिवस झाले होते. चिंचपाड्यापासून फाट्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर पायऱ्यांची एक पडीक बारव आहे. तिच्या तळाशी उरलेल्या हिरव्या पाण्यात एका बाईचं प्रेत असल्याची खबर आली. सुरवाडे पोचले तेव्हा भर दुपार होती, आणि निंबाचं एक पान हलत नव्हतं. बाई तरुण होती. चेहरा राहिला नव्हता. डाव्या दंडावर, पोलक्याच्या बाहीखाली, गोंदलेली तीन अक्षरं मात्र पाण्यानं नेली नव्हती. नर्मदा.

सुरवाड्यांनी सवयीनं विचारलं, “नाव काय तुझं?” आणि त्याच क्षणी त्यांची नजर त्या अक्षरांवर गेली. एवढ्या वर्षांत विचारल्याबरोबर उत्तर मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. पाठीवरून एक गार शिरशिरी गेली, असं ते पुढं एकदा पत्नी लताबाईंना म्हणाले. त्या शिरशिरीलाच त्यांनी समाधान समजलं.

चारच दिवसांपूर्वी ठाण्यात एक बेपत्ता नोंद झाली होती. नर्मदाबाई, वय एकोणीस, माहेर चिंचपाडा. आखाजीला माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी सासरी जाते म्हणून निघाली ती पोचलीच नाही. सासरा मोतीलाल आणि नवरा दोघांना बोलावलं. दोघांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नाकाला उपरणं लावून लांबूनच दंडावरची हिरवी अक्षरं बघितली आणि सासरा म्हणाला, हो, आमचीच.

नोंदीत अंगावरच्या वस्तू लिहिलेल्या होत्या. त्यात पायातली जोडवी होती. प्रेताच्या पायात जोडवी नव्हती, आणि बोटांवर त्यांचा ताजा वळही नव्हता. सुरवाड्यांनी ते पाहिलं. जीवरामनंही पाहिलं आणि साहेबांकडे बघितलं. सुरवाड्यांनी पंचनाम्यात वाक्य सांगितलं: जोडवी पाण्यात गळून पडली असावीत. प्रेताची अवस्था पाहता बारवेजवळच अग्नी दिला गेला. माहेरी नंतर कळवलं. पाय घसरून बुडून मृत्यू. रजिस्टरात नाव भरलं गेलं.

महिनाभरानं ठाण्यात चाळिशीची एक बाई आली आणि दाराशी चप्पल काढून उभी राहिली. चिंचपाड्याची द्रौपदाबाई. तिची केसर नावाची मुलगी होती. नवऱ्यानं टाकलेली, दोन वर्षं आईकडेच. आखाजीच्या दुसऱ्या दिवसापासून ती गायब होती. पोरगी कुणाबरोबर तरी गुजरातेत पळाली असं गाव म्हणत होतं, म्हणून भावकीनं तक्रार करू दिली नव्हती. बाई आता कुणाला न सांगता आली होती.

सुरवाड्यांनी वर्णन लिहून घेतलं. उंची, रंग, लुगडं. मग विचारलं, पायात जोडवी होती का. द्रौपदाबाई म्हणाली, नवऱ्यानं टाकल्यावर तिनं ती काढून ठेवली होती. सुरवाड्यांचा पेन थांबला. दंडावर काही गोंदलं होतं का, हेही त्यांनी विचारलं. होतं, ती म्हणाली. चौथी शिकलेली पोर, तिनं तिचं नाव गोंदून घेतलं होतं. आम्हाला वाचता येत नाही, पण तीच म्हणाली की माझं नाव आहे.

तिचं नाव केसर, आणि बारवेतल्या दंडावर नर्मदा. सुरवाड्यांनी तो आधार घट्ट धरला. अर्ज बेपत्ता रजिस्टरात गेला.

उठताना ती म्हणाली, “तुमना हातखाल कोनी बिननावनं ऱ्हात नई म्हंतस. मी दुसरं काही मांगत नई, सायेब. पुढली आखाजीले घागर भरू का झोका बांधू, इतलंच सांगा.”

शोध चालू आहे, ते म्हणाले. झोका बांधा.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी ती आली. तोच प्रश्न. त्यांनी तेच उत्तर दिलं. सुरवाड्यांची रावेरला बदली झाली तर ती दोन एसट्या बदलून रावेरला आली. जळगावला ते निरीक्षक झाले, तिथंही आली. दर वर्षी तोच दिवस, दुपारी बाराच्या सुमाराला, चपला दाराबाहेर. शिपाई तिला ‘साहेबांची आखाजी’ म्हणू लागले होते. एकदा एका नव्या फौजदारानं हसत विचारलं की बाई दर वर्षी एकच प्रश्न घेऊन येते, कंटाळत नाही का. सुरवाड्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

ती फार बोलत नसे. पण एका वर्षी पाणी पिताना तिनं सांगितलं की झोका रिकामा असला तरी दुपारी थोडा हलतो. आणि त्याची पाटी ओली असते.

१९८९ साली साक्रीच्या एका खटल्यात साक्षीला जाताना सुरवाड्यांनी जीप चिंचपाड्याकडे वळवून घेतली. आखाजीचाच दिवस होता. बाकीच्या झाडांवर मुली झोके घेत होत्या, गाणी चालू होती. गावाच्या टोकाला द्रौपदाबाईच्या दारातल्या निंबाला एक झोका होता आणि त्यावर कुणी नव्हतं. तो हलत होता. वारा नव्हता, शेजारच्या दोरीवर वाळत घातलेलं लुगडं सरळ खाली लोंबत होतं. सुरवाडे जवळ गेले. पाटीच्या मधोमध ओलसर डाग होता, माणूस बसून उठल्यावर पडतो तेवढा. त्यांनी हात लावला. गार लागला, आणि बोटांना बारवेतल्या पाण्याचा वास आला.

कुणी पोरगी नदीवरून ओल्या कपड्यानं येऊन बसून गेली असेल, असं ते चालकाला म्हणाले. चालकानं काही विचारलं नव्हतं. द्रौपदाबाई घरात होती. तिला न भेटताच ते निघाले. त्या वर्षीपासून ते प्रेताजवळ बसून नाव विचारेनासे झाले. जीवरामच्या ते लक्षात आलं, पण तो त्यावर काही विनोद करू शकला नाही.

बढत्या होत गेल्या. १९९४ साली ते उपअधीक्षक म्हणून धुळ्याला आले. कामात चोख, हात स्वच्छ, अशी त्यांची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. दंगलीत ते लाठी न उगारता जमावात चालत गेले होते. पाड्यांवरच्या बायकांच्या तक्रारी फौजदारांनी उभ्या उभ्या ऐकू नयेत म्हणून त्यांनी ठाण्याठाण्यात बाक ठेवायला लावले होते. घरी मात्र आखाजी जवळ आली की त्यांचं जेवण कमी व्हायचं. लताबाई आधी विचारायच्या, मग त्यांनी विचारणं सोडलं.

१९९८ चा एप्रिल. निवृत्तीला दीड महिना होता. दुपारी शिपाई आत आला आणि अडखळत म्हणाला, बाहेर एक बाई आहे. ती काय म्हणते ते मला नीट सांगता येत नाही, साहेबांनीच ऐकावं.

बाई तिशीपुढची होती, सुरतेकडची छापील साडी, हातात पिशवी. खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, “सायेब, मी जित्ती शे, असं लिखी द्या.”

सुरवाड्यांनी नाव विचारलं.

“नर्मदाबाई. माहेर चिंचपाडा.”

पंखा फिरत होता तरी टेबलावरचे कागद हलले नाहीत, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला बसवलं आणि सगळं सांगायला लावलं. सासरी मार होता. केसर तिची लहानपणची मैत्रीण. दोघींनी सुरतेला जायचं ठरवलं होतं, तिथं साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळत होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावर भेटायचं. नर्मदा शेतातल्या वाटेनं गेली, केसर बारवेकडच्या वाटेनं येणार होती. ती आली नाही. नर्मदानं नवापूरच्या दोन एसट्या सोडल्या, तिसरीत बसली. केसरनं शब्द मोडला म्हणून तिनं चौदा वर्षं राग धरला, निरोपही पाठवला नाही. आता आई थकली असं कळलं म्हणून ती गावी गेली.

“भर दुपारी गई मी. माले देखीसन लोके दारं लावत गयात,” ती म्हणाली. आई तिची बाहेर आली, पण तांब्या घेऊन. उंबरठ्याबाहेर पाणी ओतलं आणि हात जोडून म्हणाली, बाई, तुझी घागर आम्ही दर साल भरतो, आता येत नको जाऊ.

ती पुढं म्हणाली की तिला त्या वेळी भीती वाटली ती आईची नाही. सुरतेत दर आखाजीला तिला दिवसभर तहान लागत नसे. उन्हात, कारखान्यात, घसा कोरडा पडत नसे. का ते तिला चौदा वर्षं कळलं नव्हतं. आईनं घागरीचं नाव काढलं आणि कळलं.

सुरवाड्यांनी डाव्या दंडावर काही गोंदलेलं आहे का ते विचारलं. तिनं बाही वर केली. हिरवी अक्षरं होती. केसर.

ते म्हणाले, “हे तुझं नाव नाही.”

“नई सायेब. आमना गावमा जोडीन्या पोरी असंच करतस,” ती म्हणाली. जत्रेत गोंदणारीण आली की जिवाच्या दोघी एकमेकींचं नाव आपल्या दंडावर घेतात. घरी सांगायचं, स्वतःचंच आहे. बायांना कुठं वाचता येतं. केसरनंच कागदावर दोन्ही नावं लिहून दिली होती.

सुरवाडे उठून खिडकीशी गेले. बाहेर कचेरीच्या आवारात रणरणतं ऊन होतं. बारवेजवळ आपण नाव विचारलं आणि ज्याला उत्तर समजलो, ते त्या पोरीनं सांगितलेलं मैत्रिणीचं नाव होतं. आणि तिचे मोकळे पाय खरं सांगत होते, ते आपण पाण्यात गळून पडलं म्हणून लिहून टाकलं.

त्या संध्याकाळी त्यांनी लताबाईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं. जुनी फाईल उघडली तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागेल, पंचनाम्यावर सही आपलीच आहे, हेही सांगितलं. लताबाई धान्य निवडत होत्या. म्हणाल्या, “केसरच्या आईला उद्या कोण सांगणार, एवढं बघा. बाकीचं निघेल ते निघेल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं अधीक्षकांना अहवाल लिहिला. जोडव्यांचा उल्लेख पहिल्या पानावर केला. ‘विसंगती माझ्या निदर्शनास आली होती’ असं वाक्य लिहून त्याखाली सही केली. नर्मदाला ती हयात असल्याचा जबाब नोंदवून दिला.

द्रौपदाबाईला काय शब्दांत सांगायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. ती आखाजीच्या आदल्या दिवशी येणारच होती. त्या दिवशी ते सकाळपासून कचेरीत बसून राहिले. बारा वाजले, एक वाजला. दाराबाहेर चपला दिसल्या नाहीत. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती आली नाही.

आखाजीला ते नर्मदाला घेऊन चिंचपाड्याला गेले, गणवेश न घालता. गावात शिरताच झोक्यांवरची गाणी एकेक करून थांबत गेली. नर्मदा पदर डोक्यावर ओढून त्यांच्या मागून चालत होती. एक दार लागलं, मग दुसरं. टोकाच्या निंबाला झोका बांधलेला होता आणि हलत होता.

द्रौपदाबाई उंबरठ्याशी बसली होती. पाय सुजले होते, म्हणून येता आलं नव्हतं. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मागच्या बाईकडे. घाबरली नाही. नर्मदानं काही न बोलता बाही वर केली. द्रौपदाबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

“काय लिखेल शे?”

“केसर,” सुरवाडे म्हणाले. मग ते तिच्यासमोर उकिडवे बसले, जसे पूर्वी बसत, आणि सगळं सांगितलं. बारव, दंड, पाय, पंचनाम्यातलं वाक्य. पहिल्या महिन्यात जोडव्यांचं ऐकलं तेव्हाच मनात आलं होतं आणि आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. उन्हाची वाट, पाणी प्यायला ती पायऱ्या उतरली असेल. सांगताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

द्रौपदाबाईनं झोक्याकडे बघितलं.

“पाटी वल्ली ऱ्हाये. माले समजेल व्हतं,” ती म्हणाली. “पन आपलाच मनवर कशी घागर भरू? कोनी सांगाले पाहिजे व्हतं.”

ती भिंतीला धरून उठली. आतून घागर आणली, कोरी, तळाशी धूळ. दर वर्षी कुंभाराकडून घेऊन ठेवायची आणि न भरता तशीच राहू द्यायची, तशा घागरी कोपऱ्यात एकीवर एक होत्या. नर्मदानं माठातलं पाणी घालून ती भरली. खरबूज नव्हतं; शेजारच्या घराचं दार किलकिलं झालं आणि कुणीतरी एक बाहेर ठेवून दार पुन्हा लावलं.

द्रौपदाबाईनं वाटीत कुंकू भिजवलं आणि सुरवाड्यांकडे बघितलं.

“दुसरीनं नाव देईसन जाळी तुम्हीन तिले. आते तिनं नाव तुम्हीच ल्या.”

श्राद्धपक्षाचं काही करणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी सोळाव्या वर्षी घेतली होती आणि पाळली होती. त्यांना आजी आठवली, कुंकवात बोट बुडवून बसलेली.

“बोट तुम्ही ओढा, अक्का,” ते म्हणाले. “नाव मी घेतो.”

तिनं उंबरठ्यावर बोट ओढलं. ते म्हणाले, “केसर.” ती थांबून राहिली, म्हणून त्यांनी बापाच्या नावासकट पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, ठाण्यात पुकारतात तसं. “केसर रुपचंद. चिंचपाडा.”

निंबाखाली दोरी एकदा करकरली आणि झोका थांबला. पाटी बघायला कुणी गेलं नाही.

नर्मदा भिंतीला टेकून उभी होती. तिनं गळ्यावर हात ठेवला, आवंढा गिळला, आणि द्रौपदाबाईकडे वळून म्हणाली, “मावशी, पानी दे वं. मनं नरडं सुकाई गयं.”

द्रौपदाबाईनं माठातून तांब्या भरून दिला. नर्मदानं तो उभ्यानंच संपवला आणि पुन्हा पुढं केला.